वरची पुसा, खालची राहू दे

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा जरा जाडच आला आणि त्यातली बहुतेक पत्रं गाण्यांबद्दलची आहेत, कारण मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलेलं की माझं महाद्वार रोडच्या एका बोळात तेवीस वर्षं कॅसेटचं दुकान होतं, १९८४ ते २००७. मग सगळ्यांना तेच विचारायचंय, एक गाणं तीन-तीन पिढ्या पुरतं आणि दुसरं गणपतीत वाजून दिवाळीपर्यंत विरतं, ते का? मी काही संगीतातला पंडित नव्हे, काउंटरमागं उभं राहून जे बघितलं आणि दुकान बंद केल्यावर निवांतपणे जे वाचलं, ते सांगतो.

प्रश्न : काका, मी राजारामपुरीत राहते, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी आजी भाकरी करताना 'ऐरणीच्या देवा तुला' म्हणते. मला ते गाणं अख्खं पाठ आहे आणि मी ते कधी मुद्दाम ऐकलेलं पण नाही. उलट दहावीत असताना एक गाणं आम्ही मैत्रिणींनी वेड्यासारखं ऐकलेलं, रात्रंदिवस, आणि आता त्याचा मुखडासुद्धा धड आठवत नाही. असं कसं होतं?

उत्तर : पोरी, "आजी भाकरी करताना म्हणते" हे तूच लिहिलंयस, आणि निम्मं उत्तर तिथंच आहे. बाकीच्या निम्म्यासाठी दुकानातली गोष्ट सांगतो.

त्या काळी सगळ्यात जास्त चालणारं काम म्हणजे गाणी भरून देणं. लोक कोरी कॅसेट घेऊन यायचे, साठची नाहीतर नव्वदची, आणि सोबत वहीच्या पानावर गाण्यांची यादी. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सात-आठ गाणी, दोन्ही बाजू मिळून पंधराएक. (हे कायद्यात बसत नाही याची जाणीव तेव्हा ना गिऱ्हाइकाला होती ना मला, कळल्यावर मी ते काम बंद केलं.) यादीचा साचा जवळपास ठरलेला असायचा बघ, वरची पाच-सहा गाणी त्या महिन्यातली, एसटी स्टँडवर, पानपट्टीवर, लग्नाच्या मांडवात वाजणारी, आणि खाली खाली जुनी, कधी अक्षर बदललेलं असायचं कारण यादी घरात फिरलेली असायची, आईनं एक घातलंय, म्हाताऱ्यानं एक घातलंय. मी भरून द्यायचो. सहा-आठ महिन्यांनी तोच माणूस तीच कॅसेट घेऊन परत यायचा आणि म्हणायचा, "मालक, वरची पुसा की, खालची राहू दे तशीच." हे वाक्य मी तेवीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब नाही.

आणि काहीजण म्हणायचे, "पत्ती मोडून द्या." तुला कॅसेट माहीत नसेल, तिच्या मागच्या कडेला दोन टोकांना बारक्या प्लास्टिकच्या पत्त्या असायच्या, त्या स्क्रूड्रायव्हरनं मोडल्या की टेपचं रेकॉर्डचं बटण खालीच जायचं नाही, म्हणजे चुकूनसुद्धा त्यावर दुसरं काही भरलं जायचं नाही. आता पत्ती कुठल्या कॅसेटची मोडून घ्यायचे? वडील गेल्यावर त्यांच्या आवडीच्या गाण्यांची, पहाटे लावायच्या भूपाळ्यांची, बारशाला लावायच्या पाळण्याची, एकादशीच्या अभंगांची. म्हणजे प्रत्येक वेळी त्या गाण्यामागं एक माणूस असायचा नाहीतर एक दिवस असायचा. "ही चाल फार उच्च आहे म्हणून पत्ती मोडा" असं म्हणत माझ्याकडं कुणीही आलं नाही.

एक उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर यायचा, कागल साइडचा. त्याची कॅसेट टेपमध्ये गुंतून पार चुरगळलेली, मी पेन्सिल घालून फीत गुंडाळत बाहेर काढली, खराब झालेला तुकडा ब्लेडनं कापला आणि टोकं पातळ चिकटपट्टीनं जोडून दिली, पण त्यात मधल्या दोन ओळी गेल्या. मला वाईट वाटलं, म्हटलं पैसे नको देऊ. तर तो म्हणाला, "असू दे मालक, त्या दोन ओळी माझ्या मी म्हणतो." माझ्या मते गाणं टिकणं म्हणजे हेच, फीत तुटली तरी ज्याच्या तोंडात ओळी शिल्लक आहेत त्याचं गाणं टिकलं.

यावर अभ्यासही झालेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे, त्यांनी कॉलेजातल्या ६२ विशीतल्या पोरापोरींना १९५५ ते २००९ या काळातली दरवर्षीची सगळ्यात गाजलेली दोन-दोन गाणी ऐकवली आणि विचारलं, कुठली ओळखीची, कुठल्याशी आठवणी जोडल्यात, कुठली आवडतात. त्यांच्या स्वतःच्या वयातली गाणी वर आली, त्यात नवल नाही, पण मधली वर्षं खाली जाऊन पुन्हा एक उंचवटा दिसला तो १९८० च्या आसपासच्या गाण्यांचा, म्हणजे त्या पोरांचे आईबाप जेव्हा तरुण होते तेव्हाच्या, आणि त्याच्याही मागं १९६० च्या दशकाचा आणखी एक बारका उंचवटा, आजीआजोबांच्या तरुणपणाचा म्हणता येईल असा. म्हणजे आईबाप आपल्या तरुणपणीची गाणी घरात, गाडीत, स्वयंपाक करताना लावतात, म्हणतात, आणि ती पोरांच्या अंगात नकळत मुरतात. तुझ्या आजीनं तुला गाणं शिकवलं नाही, ती फक्त भाकरी थापत होती.

आता ते गाणं का, दुसरं का नाही? ते १९६५ च्या 'साधी माणसं'मधलं, भालजी पेंढारकरांचा चित्रपट, शब्द जगदीश खेबुडकरांचे, ते आपल्याच कोल्हापूरचे, पेशानं मास्तर, आणि संगीत 'आनंदघन' या नावानं लता मंगेशकरांचं. लोहाराच्या ऐरणीसमोरची प्रार्थना आहे ती. घण पडावा तसा ठेका आहे, म्हणजे हाताला काम असताना म्हणता येतं, भाकरी थापायच्या तालातसुद्धा बसतं. ओळी अशा की श्वास पुरतो, शब्द घरातले. गाणाऱ्या लतादीदी होत्या हे खरं, पण तुझ्या आजीला ते म्हणायला लतादीदींचा गळा लागत नाही, आणि मला ही त्या गाण्याची फार मोठी गोष्ट वाटते.

तुझं दहावीतलं गाणं तू ऐकलंस पुष्कळ, पण म्हटलंस किती? इअरफोन कानात, प्रत्येकीचा वेगळा, आणि बोट लावलं की गाणं हजर, मग ते पाठ करायची गरजच पडली नाही. मेंदू गरजेपुरतंच धरतो. पण ते मेलं असं समजू नकोस हं. दहा ते पंचविशीच्या मधलं माणसाला आयुष्यभर जास्त आठवतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, तू चाळिशीची होशील तेव्हा कुठल्या तरी रिक्षात ते वाजेल आणि तुला वर्गातला बाक, डबा, मैत्रिणीची वेणी सगळं दिसेल. तेव्हा शेजारी बसलेल्या पोरीला ते म्हणून दाखवलंस तर ते पुढं जाईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ. आमच्या काळची गाणी ती गाणी. हल्लीचा सगळा कचरा. जुनं ते सोनं हे आपण ठामपणे लिहावं अशी अपेक्षा आहे.

उत्तर : सर, तुमच्या काळच्या गाण्यांवर माझा जीव आहे, पण हे मी लिहू शकत नाही, आणि का ते सांगतो.

१९९१-९२ ची गोष्ट असेल, मंगळवार पेठेतला एक जुना वाडा पाडायला काढलेला, तिथल्या माळ्यावरून एका गोणपाटात गुंडाळलेल्या रेकॉर्डी माझ्याकडं आल्या, जुन्या लाखेच्या, ७८ वेगाच्या, हातात घेतल्यावर वजन कळतं आणि पडली की काचेसारखी फुटते तसल्या. चाळीसच्या वर होत्या. मी आणि माझे एक जुने जाणकार गिऱ्हाईक, तेव्हा सत्तरीचे, आम्ही दोन रविवार बसून एकेक लावली, दर रेकॉर्डला सुई बदलत. सर, त्यातली सहा-सात गाणी त्यांना ओळखीची निघाली. बाकीची? नकली विनोद, दुसऱ्याच्या चालीवर बसवलेली पदं, ओढून ताणून केलेल्या विराण्या, कुठल्यातरी कंपनीनं घाईघाईत भरलेल्या. ती सगळी गाणीसुद्धा "त्या काळची"च होती. काळानं चाळून खडे टाकून दिले आणि तांदूळ आपल्या ताटात आला, आणि आजचं धान्य मात्र आपण खड्यांसकट खातोय म्हणून दात कचकचतोय. तुलना करायची तर पोत्याशी पोतं करायला पाहिजे.

आणखी एक, तुम्ही ज्यांना सोनं म्हणताय त्या गाण्यांना तेव्हाचे मोठे लोक काय म्हणत होते ते आठवा. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा मनापासून चाहता, आणि त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत होती म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि लंकेतलं रेडिओ सिलोन लावलं, त्याच साली तिथं अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला 'विविध भारती' काढावी लागली. म्हणजे पन्नासच्या दशकातली जी गाणी आज ऐकून तुमचे आमचे डोळे भरतात, ती तेव्हा सरकारी मतानं ऐकण्यालायक नव्हती. केसकरांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, त्यांनी शास्त्रीय गायकांना रेडिओवर मानाची जागा दिली, पण लोकांनी काय गुणगुणायचं हे हुकमानं ठरत नाही.

मग चांगलंच गाणं टिकतं का? तेही पुरतं खरं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. २००६ मध्ये अमेरिकेत मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी इंटरनेटवर केलेला एक प्रयोग छापला, १४ हजारांवर माणसं, ४८ अनोळखी गाणी. काहीजणांना नुसती गाणी दिली, बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला फक्त आपल्या गटातल्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दिसत होतं. तर प्रत्येक गटात वेगळीच गाणी डोक्यावर बसली. अगदी चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी वाईट सहसा शिखरावर गेलं नाही, पण मधल्या सगळ्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीला चार लोकांनी कुठलं उचललं यावर पुढचं ठरत गेलं. म्हणजे त्या गोणपाटातल्या रेकॉर्डींमध्ये एखादं असंही होतं जे टिकायला हवं होतं आणि टिकलं नाही. मला एक आठवतंय, बाईचा आवाज, लेबल उडालेलं, यमन रागाच्या जवळपासची चाल, आम्ही ती तीनदा लावली. कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रश्न : काका, आमच्या तालीम मंडळात दरवर्षी साउंडवर काय लावायचं यावरनं वाद लागतोय. नवीन गाणी दोन वर्षं वाजत्यात आणि गायब होत्यात, पण 'झिंगाट' २०१६ पासनं हलत न्हाई. त्यात असं काय हाय ते सांगा की.

उत्तर : भावा, डॉल्बी चालू असताना तुला हे कळणार नाही, बंद झाल्यावर कळेल. नियम तुला माहीत आहे, रात्री दहानंतर स्पीकर बंद, आणि सणासुदीच्या ठरावीक दिवशी सरकारनं सवलत दिली तर बारापर्यंत. विसर्जनाच्या रात्री बारा वाजता पोलीस येतात, साउंड बंद होतो आणि मिरवणूक मात्र पापाच्या तिकटीपाशी अडकून पडलेली असते, पुढं मागं मंडळं, हलायला जागा नाही. त्या वेळी कान देऊन ऐक. छातीत धडधडणारी जी गाणी दहा मिनिटांपूर्वी वाजत होती त्यातली बहुतेक स्पीकरबरोबर जातात, कारण त्यांच्यात स्पीकरशिवाय दुसरं काही नव्हतंच. आणि मग कुणीतरी एक पोरगं गाडीच्या टपावरनं ओरडून एक ओळ सुरू करतं, कुठनं तरी हलगी निघते, घुमकं आणि कैताळ साथीला, आणि सगळा रस्ता एका आवाजात गायला लागतो. त्यात 'झिंगाट' असतं. त्यात रामदासांची साडेतीनशे वर्षांपूर्वीची आरतीही असते. दोन्ही पाठोपाठ.

अजय-अतुलनी 'सैराट'च्या गाण्यांची सिंफनी पार हॉलिवूडला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली, पण तुमच्या मिरवणुकीत ते गाणं त्या व्हायोलिनवर तरलेलं नाही, ठेक्यावर तरलंय, जो हलगीवर वाजतो, पत्र्याच्या डब्यावर वाजतो, एसटीच्या सीटच्या पाठीवर वाजतो. शब्द बोलीतले, पोराच्या तोंडचे. आणि पुकारा असा की एकानं टाकावा आणि शंभरांनी उचलावा. आपल्याकडं जोतिबाच्या वाटेवर 'चांगभलं'ची आरोळी अशीच चालते, एक टाकतो, बाकीचे झेलतात.

माझ्या ओळखीचे एक बँडमास्तर होते, आता नाहीत. नवीन गाणं आलं की ते बसवायच्या आधी नुसतं क्लॅरनेटवर वाजवायचे, शब्द नाही, ढोल नाही, आणि दारात उभी असलेली पोरं ओळखतात का बघायचे. ओळखलं तर बसवायचं, नाहीतर "हे मशीनचं गाणं आहे" म्हणून सोडून द्यायचे. वाद लागला तर तुम्ही पण हेच करून बघा, बेंजोवाल्याला बोलवा आणि नुसता बेंजो वाजवायला सांगा.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितेय. माझी मुलं मोबाइलवर पंधरा-वीस सेकंदांचं गाणं ऐकतात आणि पुढं सरकवतात. त्यांना गाण्याला अंतरा असतो हेसुद्धा माहीत नाही. मोठी झाल्यावर यांच्याकडं काय उरणार, या विचारानं खरंच झोप लागत नाही.

उत्तर : ताई, गाणं किती लांब असावं हे आधीपासून यंत्रच ठरवत आलंय. ७८ च्या रेकॉर्डच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून रात्र रात्र चालणाऱ्या नाटकातलं, वन्समोअर घेत अर्धा तास रंगणारं नाट्यपद तीन मिनिटांत कापून बसवावं लागलं, आणि तेव्हाच्या रसिकांनाही हेच वाटलं असणार की आता यात काय उरलं. उरलं की. केसरबाई केरकरांनी गायलेली भैरवी बघा, साडेतीन मिनिटांची, ती १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोन्याच्या तबकडीत घालून पाठवली, आज ती सूर्यमालेच्या बाहेर चाललीय. केसरबाई म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळातले आपल्या कोल्हापूरचे दरबारी गवई. छोट्या तुकड्यातसुद्धा सगळं गाणं मावू शकतं, गाणारं माणूस तसं असेल तर.

तुमची काळजी मात्र मला दुसऱ्या ठिकाणी खरी वाटते. तुकडा छोटा आहे याचं एवढं नाही, तो मुलं एकेकटी ऐकतात आणि कुणी कुणाला म्हणून दाखवत नाही, याचं मला जास्त वाटतं. मोबाइल काढून घेऊन भांडण करू नका. रात्री अंथरुणात दिवा घालवल्यावर तुम्ही म्हणा, तुम्हाला येतं ते, सूर लागो न लागो, आणि अंतऱ्यासकट म्हणा. आठ दिवस "आई गप की" म्हणतील. नवव्या दिवशी तुम्ही नाही म्हटलंत तर विचारतील.

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यातला, वय २४. गाणी लिहितो, चाली पण लावतो, मित्राच्या खोलीत रेकॉर्ड करून टाकतो. एका गाण्याला बऱ्यापैकी लोक मिळाले आणि महिन्याभरात सगळं थंड. टिकणारं गाणं लिहायचं असेल तर काय करावं?

उत्तर : असा फॉर्म्युला कुणाकडं असता तर त्या गोणपाटात चाळीस रेकॉर्डी धूळ खात पडल्या नसत्या. पण एका गोष्टीचा अभ्यास कर म्हणेन, गीतरामायणाचा.

१ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं गेलं आणि वर्षाहून थोडं जास्तच, दर आठवड्याला एक असं करत ५६ गाणी झाली, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, यांचं संगीत. बाबूजींचा जन्म कोल्हापूरचाच, १९१९ चा. आता विचार कर, आठवडाभर एकच गाणं. लोक वाट बघायचे, ऐकायचे, मग पुढचं येईपर्यंत तेच घोळवायचे, चुकलेले शब्द शेजाऱ्याला विचारून घ्यायचे. आणि रेडिओवर ती एकाच गळ्यातून आली नाहीत, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लतादीदी अशी वेगवेगळी माणसं गायली, नंतर बाबूजी एकटे सगळी गाऊ लागले. गाणं पहिल्यापासूनच अनेकांच्या तोंडात गेलं. शिवाय ज्याला गोष्ट माहीत नाही असं घर महाराष्ट्रात नव्हतं, त्यामुळं ऐकणाऱ्याचं अर्धं मन आधीच तिथं होतं, आणि शब्द इतके स्वच्छ की निरक्षर माणसालासुद्धा एका ऐकण्यात पोचावेत. माझ्या दुकानात त्या कॅसेटचा संच एकदा नेलेला माणूस तो पुसायला घेऊन आला असं कधी घडलं नाही.

तू काय करशील? तुझं गाणं ट्रॅकशिवाय म्हण. मोबाइल बंद, नुसतं तोंडानं, आणि समोर तुझी आत्या नाहीतर चुलता बसव, संगीतातलं काही न कळणारा. दोनदा म्हण आणि मग गप्पा मार, चहा घे, तासाभरानं विचार की मगाशी काय म्हटलं मी. त्यांना जिथवर आठवलं तिथवर तुझं गाणं आहे, बाकीचं मित्राच्या लॅपटॉपचं आहे. ओळीच्या शेवटी आवाज लांबवायचा असेल तर तिथं 'आ', 'ए', 'ओ' असा मोकळा स्वर पडू दे, तिथं जोडाक्षर घातलंस की गाणाऱ्याचा घसा अडतो. आणि शब्द तुझ्या गावचे घाल. काजूच्या बिया फोडताना हाताला लागणारं तेल तू बघितलंयस, मी नाही, ते मला ऐकायला आवडेल. लोक किती मिळाले ते महिन्याभरात बघू नकोस, तुझं गाणं कुणाच्या लग्नात, कुणाच्या हळदीत न सांगता म्हटलं गेलं का तेवढं बघ.

प्रश्न : मुरगूडजवळच्या खेड्यातून लिहिते. माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे, वय ८१. मला ती ओळखत नाही, "कुठनं आलीस गं बाई" म्हणते. पण परवा मी पीठ चाळत होते तर मागनं ती ओव्या म्हणायला लागली, जात्यावरच्या, एकामागून एक, एकही शब्द न चुकता. मी चाळण हातात धरून रडत बसले. हे कसं होतं? आणि मी काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं, पुढं वाचवेना म्हणून मध्ये थांबावं लागलं.

हे होतं, आणि बऱ्याच घरांत होतं. अल्झायमरवर काम करणाऱ्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलंय की खूप जुनी, ओळखीची चाल मेंदूच्या ज्या भागांत धरून ठेवलेली असते त्यातले काही भाग या आजारात बाकीच्यांपेक्षा उशिरा आणि कमी झिजतात. नाव, तारीख, चेहरा वेगळीकडं असतं, ते आधी जातं. शिवाय ओवी ही नुसत्या डोक्यातली आठवण नसते ना, ती खांद्यातली, मनगटातली असते, जात्याचा खुंटा धरून पहाटे दोन-दोन तास ओढताना मुरलेली. तुमच्या चाळणीचा आवाज झाला, पिठाचा वास आला आणि अंगानं काम ओळखलं. तिनं तुम्हाला ओळखलं नाही याचा अर्थ तिच्या आत तुम्ही नाही असा घेऊ नका, त्या ओव्यांमध्ये लेकीच्या ओव्या पुष्कळ असतात, नीट ऐका, कदाचित तुमचं नाव घालून म्हटलेली एखादी निघेल.

काय करायचं ते सांगतो. ती चुकली, अडली, एकच ओवी चारदा म्हणाली तरी दुरुस्त करू नका, परीक्षा घेतल्यासारखं "पुढची म्हण, ही कुठली सांग" असं विचारू नका. रोज त्याच वेळेला, सकाळी असेल तर सकाळीच, तिच्याजवळ पीठ चाळत बसा, जातं घरात कुठं पडलं असेल तर ते पुसून तिच्यापुढं मांडा, मूठभर जोंधळे घाला, हात लावू दे. पहिली ओळ तुम्ही म्हणा आणि थांबा. मोबाइल जवळ उपडा ठेवून रेकॉर्डिंग चालू ठेवा, तिला दिसू देऊ नका. टीव्ही बंद ठेवा, दोन आवाज एकदम झाले की ती गोंधळेल. तिच्या डॉक्टरांनाही हे सांगा, त्यांना उपयोग होतो.

आणि रात्री सगळं आवरल्यावर ते रेकॉर्डिंग ऐकून एका वहीत लिहून काढा, तिच्या उच्चारात, जशी म्हणाली तशी, शुद्धलेखन करायला जाऊ नका. तिच्या आईकडनं आलेल्या असतील त्या, आणि त्यांच्या आईकडनं. तुम्हाला येतात का त्या? नसतील येत तर आता तिच्याबरोबर म्हणायला लागा, ती पुढं, तुम्ही मागं. वही भरली की मला कळवा, मी मुरगूडला येईन ऐकायला.